लेकरासोबत परदेशातलं जुनं शहर : तुमचे अनुभव लिहा

सोलापूरकर आई-बाबा, आजी-आजोबांनो, लहान मुलाला घेऊन परदेशातलं एखादं जुनं शहर हिंडला असाल तर इथं लिहा. बघायच्या ठिकाणांची यादी टूरवाल्यांकडे मिळते. लेकरू कुठं रमलं, कुठं अडून बसलं, ते सांगा. सुरुवात मीच करते.

रोमला गेलो तेव्हा लेक चार वर्षांची होती. तिथल्या दगडी रस्त्यांवर प्रॅमची चाकं खडखडतात, म्हणून तिला पाठीवरच घ्यायचो. कोलोसियमपाशी ती फार रेंगाळली नाही. तिचा जीव जडला रस्त्याकडेच्या 'नासोनी' नळांवर. पिण्याचं पाणी, फुकट, सतत वाहणारं. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उडते, तिला तोंड लावायचं. बाही कोपरापर्यंत भिजायची, भिजू दिली. पँथिऑन या प्राचीन देवळाच्या घुमटाला मधोमध सुमारे ९ मीटर रुंदीचं उघडं भोक आहे. त्या दिवशी पाऊस होता, थेंब आत पडत होते. सगळ्यांच्या माना वर, आणि ही खाली वाकून विचारतेय, "आई, पाणी जातंय कुठं?" मग फरशीतली बारीक छिद्रं तिनंच शोधली. मी एकटी असते तर खाली बघितलंच नसतं.

विजापूर रोडहून एक आज्जी :
ताई, मी प्रागच्या घड्याळाचं सांगते. १४१० सालचं आहे ते. तास भरला की सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, खिडक्यांतून प्रेषितांचे पुतळे फिरून जातात, शेवटी कोंबडा आरवतो. सांगाडा बघून नातू माझ्या पदरात शिरला. कोंबडा आरवला तसा बाहेर, आणि पुढचा तास होईस्तोवर जागचा हलेना! लेक-सुनेला म्हटलं, तुम्ही किल्ला बघून या. आम्ही दोघं चौकातच बसलो, कडक भाकरी अन् शेंगाचटणी खात.

होटगी रोडहून एक बाबा :
आमचं इस्तंबूल. पोराला मांजरांचं वेड आणि तिथं गल्लोगल्ली मांजरं, त्यामुळे चालायची कटकट नाही. हागिया सोफियाजवळ जमिनीखाली सहाव्या शतकातला पाण्याचा हौद आहे, ३३६ खांबांचा. पोरगं मोजायला लागलं, चुकलं की परत पहिल्यापासून. दोन खांबांच्या तळाशी मेडुसाची (ग्रीक कथांमधली, केसांच्या जागी साप असलेली राक्षसीण) डोकी आहेत, एक आडवं, एक उलटं. उलटं सरळ दिसावं म्हणून हा स्वतः ओणवा होऊन दोन्ही पायांमधून बघत होता! दुपारी एमिनोन्यूहून कादिकॉयची बोट धरा. युरोपातून आशियात जाईपर्यंत पोरगं वाऱ्यावर झोपतं, आपल्यालाही जरा टेकायला मिळतं.

सात रस्त्याहून एक काकू :
इटलीत सरकारी संग्रहालयांना १८ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. फ्लोरेन्सला उफिझीत लेकरू कंटाळलं तसं लगेच बाहेर पडलो, पोराच्या तिकिटाचे पैसे गेले असं झालं नाही. वयाचा पुरावा मात्र जवळ ठेवा.