संकटात देवाचे आभार मानावेत, हे कोणी कोणाला सांगावे?

(सोलापूर परिसरातल्या चौघांची लेखी चर्चा. प्रत्येकाच्या नावाऐवजी तो राहतो ते ठिकाण दिले आहे.)

होटगी रोड (मूळ लेखन):
गेल्या वर्षी मला माझे आठ यंत्रमाग भंगाराच्या भावाने विकावे लागले. टॉवेलची मागणी थांबली होती, सूत महागले होते आणि बँकेचा हप्ता मात्र चुकत नव्हता. माग उचलून नेले त्या संध्याकाळी मी तडक सिद्धेश्वराच्या देवळात गेलो आणि काहीही न मागता, जे उरले आहे त्याबद्दल हात जोडून आलो. तेव्हापासून रोज सकाळी पाच गोष्टींसाठी देवाचे आभार मानतो आणि त्यामुळेच उभा आहे. माझे स्पष्ट मत आहे की संकटात जो कुरकुर करतो, त्याची श्रद्धा कच्ची असते. दुष्काळात घर बुडाले तरी तुकोबांनी ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें’ असेच म्हटले.

विडी घरकुल, कुंभारी:
दादा, तुमचे माग गेले याचे मला खरोखर वाईट वाटते. पण ‘श्रद्धा कच्ची असते’ हे वाक्य दोन दिवस मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते. 2020 साली माझे वडील करोनाने गेले आणि आम्हाला त्यांचा चेहरासुद्धा नीट पाहता आला नाही. टाळेबंदीमुळे पान-तंबाखू मिळणे बंद झाले होते आणि आईच्या रोजच्या हजार विड्यांवर चालणारे घर उधारीवर आले होते. अशा वेळी एकामागून एक नातेवाईक फोनवर सांगत होते, ‘तुम्ही दोघी वाचलात, देवाचे आभार माना.’ चौथ्या की पाचव्या फोननंतर आईने देवघराचा पडदा ओढला आणि तो वर्षभर उघडला नाही. तीस वर्षे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या दर्शनासाठी उन्हात ताटकळलेल्या त्या बाईची श्रद्धा कच्ची होती, असे तुम्हाला म्हणायचे आहे का?

जुळे सोलापूर:
ताई, नातेवाइकांच्या अविचाराचा दोष स्तुतीवर टाकू नका. मी निवृत्त शिक्षक आहे. माझ्या पत्नीचे डायलिसिस चार वर्षे, आठवड्यातून तीनदा चालले. यंत्राजवळ बसून आम्ही दोघे रोज हरिपाठ म्हणत होतो. तिचा आजार त्याने बरा झाला नाही, ती गेलीच. परंतु त्या चार वर्षांत आमच्या घरात दुःखाखेरीज आणखीही काही होते, ते आम्हाला स्तुतीमुळे दिसत राहिले. सगळे ठीक आहे म्हणून कोणी देवाला आळवत नसतो. जे हातात उरले आहे तेही नजरेआड होऊ नये, यासाठी ते असते.

मंगळवेढा:
गुरुजी, तुमच्या अनुभवापुढे मी बोलणार नाही. माझा आक्षेप तुकोबांच्या वापराला आहे. 1630च्या दुष्काळात त्यांनी पत्नी आणि मुलगा गमावला. ‘बरें झालें’ हे त्यांनी स्वतःच्या दिवाळ्याविषयी म्हटले, शेजाऱ्याच्या नव्हे. त्याच तुकोबांनी ‘माझे लेखीं देव मेला’ असेही म्हटले आहे. ती ओळ कीर्तनात किती वेळा ऐकलीत? आमच्याकडे लहानपणापासून ‘ठेविलें अनंतें’ ऐकवले गेले आणि ऐकवणारा नेहमीच आमच्यापेक्षा वरच्या पायरीवर उभा असायचा. चोखोबा आमच्याच गावात वेठीच्या कामावर असताना भिंतीखाली गाडले गेले. आयुष्यभर विठ्ठलाला आळवणाऱ्या त्या माणसाची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वाराबाहेर आहे आणि त्यांच्या लोकांसाठी ते दार 1947 साली, साने गुरुजींनी उपोषण केल्यानंतर उघडले. तोवरची सहा शतके त्यांनी आभारच मानत राहायला हवे होते काय?

होटगी रोड:
मी माझे दुःख सांगितले आणि तुम्ही त्यात जात आणली, याचा मला संताप येतो. मी कोणाच्याही वरच्या पायरीवर नाही. आज दुसऱ्याच्या कारखान्यात पगारावर मुकादम आहे. आणि ताई, तुम्ही ज्या घरकुलात राहता ते घर तरी कोणाच्या कृपेने मिळाले? त्याचे आभार मानायला काय हरकत आहे?

विडी घरकुल, कुंभारी:
हा प्रश्न तुम्ही विचारायला नको होता. विडी कामगार बायकांची ही 10,000 घरे कोणी आकाशातून टाकलेली नाहीत. कामगार नेते आडम मास्तर यांच्याबरोबर त्या बायका वर्षानुवर्षे मोर्चे काढत होत्या आणि मी आईचे बोट धरून त्यांत चालले आहे. मोर्चाच्या दिवशी विड्या होत नसत, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडत असे. ती भरून काढायला आई आदल्या रात्री दिव्याखाली पाने कापत बसायची. आम्हाला ‘आहे त्यात समाधान माना’ असे सांगणारे तेव्हाही पुष्कळ होते. त्यांचे ऐकले असते, तर आम्ही अजून सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या एका खोलीतच असतो.

जुळे सोलापूर:
घरकुलाबाबत ताईंचे म्हणणे मान्य करणे मला भाग आहे, कारण माझ्या कितीतरी विद्यार्थिनींच्या आया त्या मोर्चांत होत्या. तरीही एक विचारतो. मोर्चाला निघताना तुमच्या आई देवाला नमस्कार करत नव्हत्या का? दामाजीपंतांची कथा मंगळवेढेकरांना मी काय सांगावी. त्यांनी दुष्काळात बादशहाची कोठारे आधी उघडली आणि विठ्ठल धावून आल्याची कथा त्यानंतरची आहे. भक्ती माणसाला हातपाय बांधून बसवतेच, असे नाही.

मंगळवेढा:
कोठारे आधी उघडली, एवढे तुम्ही मान्य करता ना? मग माझे भांडण तुमच्याशी नाही. ज्याच्या हातात कोठाराची किल्ली आहे आणि जो भुकेल्याला समाधान शिकवतो, त्याच्याशी आहे.

होटगी रोड:
रात्रभर विचार केला. ‘श्रद्धा कच्ची असते’ हे वाक्य मी मूळ लेखनातून काढतो, कारण ते मी स्वतःला धीर देण्यासाठी लिहिले होते आणि लागले दुसऱ्याला. बाकीचे एक अक्षरही मी काढणार नाही. त्या संध्याकाळी देवळात हात जोडले नसते, तर मी तळ्याच्या काठावरून घरी परतलो असतोच, असे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. ताई, तुमच्या आईंनी पडदा पुन्हा उघडला का?

विडी घरकुल, कुंभारी:
दादा, हे तुम्ही आधी लिहिले असते, तर मी इतके कडक लिहिले नसते. घरी परतलात, हे फार चांगले झाले.

हो, उघडला. कोणी सांगितले म्हणून नव्हे. वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर एके दिवशी ती कारखान्यात विड्या देऊन आली आणि पाय धुऊन थेट देवघरापुढे बसली. आई देवाशी तेलुगूतच बोलते. अर्धा तास ती त्याला रागावत होती, वडिलांचे औषध, न आलेली माणसे, सगळे एकेक करून विचारत होती. मग तिने वातीला तेल घातले. गुरुजी, मोर्चाला निघताना ती नमस्कार करायची, हे खरे आहे.