शब्दचर्चा : ‘उधाण’ की ‘फुगवटा’? चक्रीवादळानंतरच्या किनाऱ्याचे शब्द

अक्षरा :
चक्रीवादळाचे किनाऱ्यावरच्या पर्यावरणावर होणारे परिणाम, या विषयावरच्या एका माहितीपुस्तिकेच्या मराठी मसुद्यावर काम चालू आहे. उदाहरणं आपलीच आहेत : ३ जून २०२० चं ‘निसर्ग’ आणि मे २०२१ चं ‘तौक्ते’. चार ठिकाणी जाणकारांची मदत हवी आहे.

एक, वादळामुळे समुद्राचं पाणी किनाऱ्यावर चढतं, म्हणजे स्टॉर्म सर्ज, त्याला मसुद्यात ‘समुद्राला आलेले उधाण’ म्हटलं आहे. चालेल का? दोन, शेतात खारं पाणी शिरणं आणि त्यानंतर जमिनीचं जे होतं, त्याला रायगड-रत्नागिरीत काय म्हणतात? मसुद्यात ‘जमिनी खारवल्या’ आहे. तीन, ‘झाडे उन्मळून पडली’ हे वाक्य जवळपास प्रत्येक पानावर आहे. चार, ‘हरिकेन’ हा शब्द काही ठिकाणी तसाच राहिला आहे.

ओहोटी :
चौथ्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे. हरिकेन, टायफून आणि आपलं चक्रीवादळ ही एकाच प्रकारच्या वादळाची वेगवेगळ्या समुद्रांतली नावं. पण अटलांटिकमध्ये ताशी ११९ किलोमीटरच्या पुढे वारा गेल्यावरच हरिकेन म्हणतात. आपल्या हवामान खात्याच्या वर्गवारीत ६३ ते ८८ ला चक्रीवादळ, ८९ ते ११७ ला तीव्र चक्रीवादळ. ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे तीव्र चक्रीवादळ. त्याला हरिकेन लिहिलं तर वर्गच चुकतो. आणि नाव लिहिताना दर वेळी ‘निसर्ग चक्रीवादळ’ असं पूर्ण लिहा. ‘निसर्गामुळे झालेली हानी’ अशा वाक्यात वाचणाऱ्यांचा गोंधळ होणारच.

आता उधाण. हा शब्द स्टॉर्म सर्जसाठी अजिबात नको. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती. अष्टमीच्या आसपासची लहान भरती तो भांग. दोन्ही चंद्रसूर्याच्या हिशेबाने येतात आणि आधी सांगता येतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते, तासाभराचा फरक धरायचा. वादळाने चढलेलं पाणी या हिशेबात कुठेच नसतं, ते भरतीच्या वर चढतं.

३ जूनचंच गणित करा. ज्येष्ठ शुद्ध द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ. प्रत्यक्षात सकाळची भरती दहाच्या सुमारास होती. वादळ किनारा ओलांडून आत आलं ते दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, म्हणजे पाणी उतरत असताना. दोन दिवसांवर वटपौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचेच दिवस, पण वेळ ओहोटीची सापडली. हेच तीन तास आधी झालं असतं तर समुद्र अडवणाऱ्या कित्येक बांधांवरून पाणी गेलं असतं. उधाण आणि वादळाचं पाणी यांना एकच शब्द वापरला की ही बेरीज वाचणाऱ्याला समजावून सांगण्याची सोयच उरत नाही.

अक्षरा :
मग ‘वादळी लाट’? वर्तमानपत्रांत तो शब्द दिसतो.

खाजणकाठ :
लाट म्हटलं की येऊन फुटणारी आणि परत जाणारी लाट डोळ्यांपुढे येते. इथे पाण्याची पातळीच काही तास वर राहते आणि लाटा त्या वाढलेल्या पातळीवरून आत येतात. धरणामागे पाणी तुंबून वर चढतं त्याला आपण फुगवटा म्हणतो. ‘वादळी फुगवटा’ हा शब्द मला जास्त नेमका वाटतो. आणखी एक कारण : फुगवट्यामुळे खाडीचं पाणी उतरत नाही, त्याच वेळी वादळाचा पाऊस नदीतून खाली येत असतो, आणि किनाऱ्यापासून लांब, खाडीच्या वरच्या टोकाच्या गावांत पाणी भरतं. ‘लाट’ म्हटलं तर ते पाणी तिथे कसं पोचलं हे कळत नाही.

कारणंही दोन वाक्यांत द्या. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर वर येतं. केंद्रात दाब २५ ने कमी असेल तर त्याचे पंचवीसेक सेंटिमीटरच. उरलेली सगळी चढ वाऱ्याची : उथळ समुद्रावरून वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलत आणतो आणि त्याला परत जायला खोली नसते.

ओहोटी :
‘वादळी फुगवटा’ मान्य. पहिल्यांदा येईल तिथे कंसात ‘वाऱ्याने आणि कमी दाबाने चढलेले पाणी’ असा खुलासा द्यावा. आणि एक आकृती हवीच : वादळाचा वारा घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो. कोकणात वादळ नैर्ऋत्येकडून शिरलं तर डोळ्याच्या (वादळाच्या केंद्राच्या) दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, उत्तरेला जमिनीकडून समुद्राकडे जातो. म्हणून फुगवटा डोळ्याच्या दक्षिणेला मोठा. ‘वादळ अमुक ठिकाणी आलं म्हणजे सर्वांत जास्त पाणी तिथेच’ असं मसुद्यात असेल तर दुरुस्त करा.

खाजणकाठ :
दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण इथे शब्द बदलला की उपायच बदलतो.

‘खारवणे’ मासे किंवा दाणे मीठ लावून ठेवण्यासाठी वापरतात. जमिनीसाठी ‘खार चढला’, ‘जमीन खारपड झाली’. ‘खारपाण’ मात्र चुकूनही वापरू नका. खारपाण पट्टा म्हणजे विदर्भातलं पूर्णेचं खोरं. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडचा. तिथे भूजल मुळातच खारं आहे, समुद्राचा संबंध नाही. आणि नुसतं ‘खार’ म्हणजे समुद्र अडवून काढलेली जमीनसुद्धा. सरकारी भाषेत खारभूमी.

खारं पाणी शेतात तीन वाटांनी येतं. बांधावरून सांडून; बांध फुटून; किंवा उघाडीतून. बांध फुटून वाट पडते तिला खांड म्हणतात : ‘बांधाला खांड पडली’, ‘खांड गेली’. उघाडी म्हणजे बांधातला दरवाजा. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने झडप बाहेर उघडते, भरतीला बाहेरच्या रेट्याने बंद होते. गोव्यात खाजनाच्या (खारभूमीच्या) बांधातल्या याच दाराला मानस म्हणतात. वादळात उघाडीच्या झडपेत ओंडका किंवा झावळ्यांचा गठ्ठा अडकला की ती अर्धवट उघडी राहते, आणि बांध धडधाकट असूनही दर भरतीला शेतात पाणी येतं. तीन दिवसांनी ‘पाणी आलं कुठून’ म्हणून बांधावर खांड शोधत फिरण्याआधी झडप बघावी.

खांड पडते ती बहुधा समुद्राच्या बाजूने नाही, आतल्या बाजूने. पाणी बांधावरून सांडतं, आतल्या उताराची माती पायथ्यापासून कातरत जातं आणि बांध मागून पोकळ होतो. खेकड्यांची बिळं असलेला भाग आधी जातो. बाहेरून दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) शाबूत आणि आतून बांध गेलेला, असं दिसतं ते यामुळे. म्हणून नुसतं बाहेरून दगड लावण्याला ‘दुरुस्ती’ म्हणू नये.

खांड बांधायची ती भांगाच्या दिवसांत. तेव्हा भरती-ओहोटीतला फरक उधाणाच्या निम्म्याच्या आसपास असतो, त्यामुळे खांडीतून जाणाऱ्या पाण्याचा जोर कमी. दोन्ही बाजूंना मेढी (लाकडी खुंट) ठोकून, मध्ये चिकण माती थराथराने चोपत आणायची आणि शेवटचं तोंड ओहोटीच्या अखेरीला बंद करायचं. उधाणात घाई केली तर पुढच्याच भरतीला ओली माती वाहून जाते, आणि खांड आधीपेक्षा रुंद आणि खोल होते.

अक्षरा :
आणि खार उतरवायचा कसा? मसुद्यात ‘जमीन कायमची नापीक होते’ असं वाक्य आहे.

खाजणकाठ :
ते वाक्य काढाच. कोकणच्या पावसात खार उतरतो, पाण्याला बाहेर जायला वाट असेल तर. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पावसाचं पाणी शेतात १०-१५ सेंटिमीटर अडवायचं, एक-दोन दिवस मुरू द्यायचं, ओहोटीला उघाडीतून काढायचं, पुन्हा भरू द्यायचं. मातीची विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या खाली आली की ती क्षारपड वर्गातून बाहेर पडते, पण भाताचं उत्पन्न ३ च्या पुढेच घटायला लागतं. माती तपासल्याशिवाय तरवा (भाताची रोपं) टाकू नये. रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात भात खाराला सर्वांत नाजूक असतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेले पनवेल १, २, ३ हे वाण अशाच जमिनींसाठी आहेत.

दोन गोष्टी बिघडतात. पाऊस उघडला आणि शेत उघडं वाळलं तर खालचा क्षार केशाकर्षणाने वर येतो आणि पांढरा पापुद्रा धरतो. म्हणून मधल्या उघडिपीत शेत सुकू द्यायचं नाही. दुसरं, क्षार धुऊन गेले पण सोडियम मातीला चिकटून राहिला तर माती बसते, पाणी मुरत नाही. तिथे जिप्सम लागतं. सरसकट नाही, तपासणीत निघालं तरच.

रोठा :
झाडांबद्दल. ‘उन्मळणे’ म्हणजे मुळासकट उपटून येणे. मूळ जमिनीत राहून खोड तुटलं तर ‘मोडणे’. दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांत (बागांत) पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, बऱ्याच मोडल्या, किनाऱ्यावरची सुरूची झाडं उन्मळली, माड दोन्ही तऱ्हांनी गेले. फरक महत्त्वाचा आहे. माड आणि पोफळीला वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. शेंडा मोडला की झाड संपलं, खालून फुटवा येत नाही. आंब्याचं कलम मोडलं तर कलमाच्या सांध्यावरच्या खोडातून फूट धरता येते. फाटलेली फांदी करवतीने तिरकी, स्वच्छ कापायची आणि कापावर बोर्डो पेस्ट लावायची : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. चुना आणि मोरचूद वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, धातूच्या भांड्यात नाही. फूट सांध्याखालून आली तर ती ज्यावर कलम बांधलं त्या खुंटाची, म्हणजे रायवळ आंब्याची. ती काढून टाकायची.

तिसरा शब्द ‘कलंडणे’. मुळं एका बाजूने धरून असलेलं कोवळं झाड कलंडलेलं असतं. ते पहिल्या काही दिवसांत उभं करून, टेकू देऊन, मुळांवर माती चढवली तर जगतं. कलंडलेलं, मोडलेलं आणि उन्मळलेलं यांना मसुद्यात एकच शब्द वापरलात तर जगण्यासारखी झाडंही कुऱ्हाडीखाली जातील.

अक्षरा :
पडलेल्या झाडांमुळे पुढे काय होतं, यावर मसुद्यात एक ओळही नाही.

रोठा :
मग तो भाग जरूर घाला. माडाची ओंडकी वाडीतच कुजत ठेवली की गेंड्या भुंगा त्यात अंडी घालतो. काही महिन्यांनी नवे भुंगे निघतात आणि वाचलेल्या माडांच्या सुईत (शेंड्यातल्या न उघडलेल्या झावळीत) शिरतात. नंतर उघडणाऱ्या झावळ्या कातरीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसतात, ती त्याची खूण. त्या जखमेतून सोंड्या भुंगा आत जातो, आणि तो माड मारतो. म्हणून ओंडकी तुकडे करून, उभी चिरून वाडीबाहेर काढायची. शेणखताच्या खड्ड्यात मेटारायझियम बुरशी टाकायची, ती गेंड्या भुंग्याच्या अळ्या मारते.

दुसरा परिणाम सावलीचा. उंच पोफळी गेल्या की खालचं जायफळ आणि मिरीचे वेल एकदम उन्हात येतात आणि करपतात. उरलेल्या पोफळींच्या खोडालाही दुपारच्या उन्हाचे चट्टे पडतात, पुढे तिथे चीर जाते. नैर्ऋत्येकडच्या बाजूला चुना लावायचा किंवा झावळ्या बांधायच्या. नवी पोफळ पाच-सात वर्षांनी लागते, तोवर सावलीला केळ.

पुळण :
सुरूबद्दल थोडी भर. सुरू इथलं झाड नाही, लावलेलं आहे, आणि वाळूत त्याची मुळं उथळ पसरतात. ते उन्मळतं तेव्हा मुळांबरोबर वाळूच्या टेकडीचा तुकडाही निघतो आणि खिंड पडते. पुढच्या उधाणाचं पाणी तिथूनच आत येतं. खोडं न्यायला यंत्र टेकडीवरून फिरवलं तर आणखी खिंडी पडतात. तिथे मर्यादवेल, केवडा, उंडी लावावी. मर्यादवेलीच्या पेरापेराला मुळं फुटतात, ती वाळू धरून ठेवते.

आणि ‘वाळू वाहून गेली’ ऐवजी ‘वाळू समुद्रात सरकली’ लिहा. बरीचशी जवळच्या उथळ पाण्यात दांड्यासारखी साठते आणि पावसाळा सरल्यावर शांत लाटांबरोबर परत येते. ‘निसर्ग’ पावसाळ्याच्या तोंडावर आल्यामुळे पुळण (वाळूचा किनारा) भरून यायला मधे पूर्ण पावसाळा आडवा होता.

अक्षरा :
‘खारफुटी’, ‘कांदळवन’, ‘तिवर’ यांतलं काय ठेवू?

पुळण :
पूर्ण वनाला कांदळवन ठेवा, सरकारी कक्षाचं नावही तेच आहे. तिवर, कांदळ, चिप्पी ही वेगवेगळी झाडं. चिप्पी तर २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष झाली. ‘तिवरांनी वादळ अडवलं’ असं वाक्य नको. ती लाटांचा जोर कमी करतात, फुगवट्याची पातळी पट्टा अरुंद असेल तर फारशी उतरवत नाहीत.

ओहोटी :
विहिरींचा शब्द राहिला. ‘पाणी खारट झालं’ आणि ‘पाणी मचूळ झालं’ यांत फरक करा. मचूळ म्हणजे किंचित खारं, जेमतेम पिता येईल असं. गोड्या पाण्यात समुद्राचं पाणी शंभरात एक भाग मिसळलं तरी लिटरमागे ३५० मिलिग्रॅम क्षार वाढतात. पिण्याच्या पाण्याची इष्ट मर्यादा ५०० ची आहे, दुसरा स्रोत नसेल तर २०००.

विहिरीत वरून खारं पाणी पडलं असेल तर ते उपसून काढायचं, पण पंप लावून तळ गाठायचा नाही. किनाऱ्यावर गोडं पाणी खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं. गोड्याची पातळी १ मीटर उतरली की खालचं खारं ४० मीटरपर्यंत वर सरकू शकतं. थोडं उपसायचं, भरू द्यायचं, चव आणि क्षार तपासायचे, पुन्हा उपसायचं. पाणी निवळल्यावर १००० लिटरला २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, आणि अर्ध्या तासाने क्लोरीन उरलं आहे का ते बघायचं. पाणी गढूळ असताना पावडर टाकली तर ती गाळावरच खर्च होते. मचूळपणा मात्र तिने जात नाही, हे पुस्तिकेत ठळक छापा.