वस्तऱ्याचं हॉलो ग्राइंड : धारेच्या वर पातं फुटतं

कानस_आणि_भाता
मंडळी, ५ मिमी जाडीच्या ओएचएनएस (तेलात कडक होणारं हत्यारी पोलाद) पट्टीतून ६/८ इंची वस्तरा घडवतो आहे. पाठीच्या कडेपासून धारेपर्यंत १७ मिमी. हॉलो ग्राइंडसाठी, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासायला, बेल्ट ग्राइंडरवर ७५ मिमी व्यासाचं रबरी चाक आहे. धार अजून ०.२५ मिमी जाड असतानाच तिच्या वर साधारण ३ मिमीवर पातं आरपार फुटलं. दुसरं पातं पाणी देताना (कडक करायला तापवून तेलात बुडवताना) वाकलं. हात चुकतोय की चाक?

पाठ_सांभाळा
हात नाही, चाकच. वस्तऱ्याचा कोन पाठीवरून ठरतो : दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकतात. १७ मिमीला ५ मिमी पाठ म्हणजे सुमारे १७ अंश, हे तुमचं बरोबर आहे. पण चाक जितकं लहान, तितकी खोली जास्त, आणि दोन्ही बाजूंच्या खोलगट कमानी मधोमध भेटत नाहीत. त्या भेटतात धारेच्या जवळ, कारण तिथे पोलाद मुळातच कमी असतं. त्यामुळे मध्ये कॅलिपर ०.७ मिमी दाखवत असतो आणि खाली खिडकी पडते.

हिशेब सोपा आहे. रुंदीचा वर्ग करा, दुपटीने गुणा, पाठीच्या जाडीने भागा. १७ × १७ × २ ÷ ५ = सुमारे ११५ मिमी. धारेपर्यंत एकाच कमानीत उतरायचं तर चाकाचा व्यास याहून मोठाच हवा. ५/८ पात्याला (रुंदी १४, पाठ ४.२) हाच आकडा ९३ येतो, म्हणजे तुमचं चाक तिथेही पुरणार नाही.

६/८ साठी १५० मिमी चाक घ्या. मध्ये सुमारे दीड मिमी जाडी राहते. शेफील्डच्या जुन्या पाचरीसारख्या वस्तऱ्यांपेक्षा ते बरंच हलकं होतं आणि पहिल्या काही पात्यांसाठी तेच योग्य.

कानस_आणि_भाता
मग जर्मनीतल्या झोलिंगेनचे फुल हॉलो (पूर्ण खोलगट घासलेले) वस्तरे इतके पातळ कसे होतात? त्यांची चाकं तर लहान असतात.

पाठ_सांभाळा
तिथे एक कमान नसते, दोन असतात. लहान चाक फक्त पाठीखालच्या भागात चालवतात, धारेकडचा भाग वेगळा घासतात. दोन्हींच्या मध्ये पात्याच्या लांबीभर एक पुसटसा उंचवटा उरतो. तिरप्या उजेडात पातं फिरवलं की दिसतो. पातळ पात्याला ताठपणा त्यानेच येतो, म्हणून शोभेसाठी घासून सपाट करू नका. तुमचं ७५ चं चाक वाया जाणार नाही : आधी १५० ने पूर्ण उतरा, मग ७५ ने फक्त पाठीखालचे ७-८ मिमी खोल करा.

ताव_आणि_तेल
वाकण्याबद्दल. पाणी देण्याआधी धार ०.८ ते १ मिमी जाड ठेवा. त्याहून पातळ असेल तर ती पाठीच्या कितीतरी आधी थंड होते आणि पातं ओढलं जातं. शिवाय भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळतो. धार पातळ असेल तर नेमकी तीच मऊ राहते. दोन्ही बाजूंनी घासणी सारखी आहे का तेही मोजा, एकीकडे जास्त घासलेलं पातं हमखास वाकतं.

ओएचएनएसला ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास, १० मिनिटं मुरू द्या. तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून घ्या. पातं पाठ खाली करून, सरळ उभं बुडवा, आडवं हलवू नका. बाहेर काढल्यावर कानस न कापता घसरली पाहिजे, म्हणजे पातं कडक झालं. हाताला सोसेल इतकं निवलं की लगेच टेंपर (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं) : १९० अंश, दोन तास, दोनदा. बिजागरीच्या खिळ्याचं भोक मात्र आधीच पाडा, नंतर ड्रिल चालणार नाही.

उरलेली घासणी टेंपरनंतर करायची, तीही हातमोजे न घालता. प्रत्येक फेरीनंतर पाण्यात बुडवा. बोटाला चटका लागला तर तुम्ही आधीच उशीर केलाय. धारेवर निळी झाक आली म्हणजे ३०० अंशांच्या घरात गेलं, तेवढा भाग कापून टाकण्यावाचून इलाज नाही. बेल्ट नवा कोरा हवा. झिजलेला बेल्ट कापत नाही, नुसता तापवतो.

दगड_आणि_पट्टा
एक भर. धार लावण्यापूर्वी पाठीची जाडी टोक, मध्य आणि टाच अशा तीन ठिकाणी मोजा. ०.१ मिमीचा फरकही दगडावर दिसतो : बेव्हल (धारेलगतची दगडावर घासलेली तिरपी पट्टी) एका टोकाला रुंद, दुसऱ्याला अरुंद. हा दोष दगडावर दुरुस्त करायला गेलात तर पाठ तिरकी झिजेल. तो ग्राइंडरवरच काढा.

नंतर १००० ग्रिटच्या दगडावर (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), धार पुढे ठेवून, बेव्हल टाचेपासून टोकापर्यंत सलग होईतो थांबायचं नाही. ५०००, ८०००, १२००० हे फक्त त्याला गुळगुळीत करतात. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून, ५० फेऱ्या. पट्टा ढिला धरलात तर धार गोल होते.