मदत हवी आहे: अभ्यासिकेतले दिवे – पैसे छतात घालावेत की टेबलावर?

खडूफळा:

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका चालते. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, बँका असं सगळं पब्लिक सकाळी सहा ते रात्री अकरा बसलेलं असतं. मी कार्यकारिणीवर आहे आणि दिव्यांचं काम माझ्या गळ्यात पडलंय. देणगी मिळून सव्वा लाखाचं बजेट आहे.

हॉल ४० बाय २२ फूट, उंची १० फूट. साठ टेबलं, प्रत्येकाला तिन्ही बाजूंनी प्लायचं पार्टिशन, त्याला आतून गडद तपकिरी चकचकीत सनमायका. वर २० वॅटच्या सोळा एलईडी ट्यूब, सगळ्या ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफटक. पूर्वेला चार मोठ्या खिडक्या आहेत, पण सकाळचं ऊन थेट वह्यांवर येतं म्हणून कोणीतरी काळी फिल्म लावून टाकली आणि आता तिच्यावर चालू घडामोडींचे तक्ते चिकटलेत.

पोरांच्या तक्रारी: तीन-चार तास बसलं की डोकं ठणकतं, जेवणानंतर डोळे मिटायला लागतात, आणि रात्री अकराला घरी जाऊन अंथरुणावर पडलं तरी एक-दीड वाजेपर्यंत झोप नाही. परीक्षेचं टेन्शन म्हणून सोडून दिलं असतं. पण हीच मुलं अभ्यासिका बंद असते त्या दिवशी देवळाच्या सभामंडपात बसतात, आणि तिथे डोकं दुखत नाही म्हणतात.

दोन कोटेशनं आली आहेत. फॉल्स सीलिंगवाला म्हणतो, छत दीड फूट खाली घेऊ आणि दोन बाय दोनची ३६ वॅटची बारा पॅनेल टाकू, ६५०० केल्विनच. दुसरा शहरातून आलेला विक्रेता 'ह्यूमन सेंट्रिक लायटिंग' सांगून गेला: दिवसभरात आपोआप रंग बदलणारे दिवे, मोबाइलवर ॲप, वगैरे. त्याचा आकडा पावणेचार लाख. या दुसऱ्या प्रकारात खरंच काही तथ्य आहे का, की नुसती विक्रीची भाषा? आणि पहिल्याने डोकेदुखी थांबेल का? जाणकारांनी सांगावं.

ओसरी:

आर्किटेक्ट आहे, म्हणून आधी हिशेब. बारा पॅनेल, ३६ वॅट, वॅटमागे १०० ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश) धरले तर ४३,२०० ल्युमेन झाले. भिंती, धूळ, जुनं होणं यात निम्म्याहून थोडे जास्त जातात. तुमचा हॉल साधारण ८२ चौरस मीटरचा, म्हणजे सरासरी अडीचशे लक्स (एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन). हे मोकळ्या हॉलमध्ये. तिन्ही बाजूंनी पार्टिशन आणि त्यावर वाकलेलं डोकं धरलं तर वहीवर दीडशे मिळाले तरी खूप. आपल्याकडच्या प्रकाशयोजनेच्या मानकात, आयएस ३६४६ मध्ये, वाचनाच्या टेबलासाठी ३०० लक्सच्या आसपास अपेक्षा आहे.

दुसरं, पंखे कुठे आहेत? फॉल्स सीलिंगमध्ये पॅनेल आणि त्याखाली फिरणारा पंखा, म्हणजे पात्यांची सावली वहीवर सतत फडफडत राहणार. हे मी नव्या कोऱ्या ऑफिसांमध्येही बघितलंय. लोक चार महिने दिव्याला शिव्या देतात आणि मग पंखा बंद करून बसतात. दहा फुटांचं छत साडेआठवर आणू नका. तो पैसा वाचवा.

कंदील_कराड:

वायरमन म्हणून सांगतो, डोकेदुखीसाठी आधी ट्यूब तपासा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ड्रायव्हर (एलईडीला जुळेल अशी वीज देणारा भाग) हलका असला की एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. डोळ्याला सरळ दिसत नाही, पण कित्येकांना त्रास होतो. फक्त ट्यूब चालू ठेवून एक पेन्सिल डोळ्यांसमोर झरझर हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक. पाच-सहा वेगवेगळ्या पेन्सिली दिसल्या तर ट्यूब भंगारात. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं तरी पट्टे सरकताना दिसतात. सोळाही ट्यूब एकेक करून बघा, एकाच कंपनीच्या असल्या तरी लॉट वेगळा असतो.

निशिगंध:

त्या विक्रेत्याच्या बोलण्यात तथ्य आहे, फक्त त्याला पावणेचार लाख लागत नाहीत.

डोळ्यात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी एक प्रकारच्या पेशी असतात. २००२ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या डेव्हिड बर्सन यांच्या गटाने त्या स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात हे दाखवलं. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं द्रव्य असतं आणि ते ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला सगळ्यात जास्त जागं होतं. या पेशी मेंदूतल्या घड्याळाला दिवस आहे की रात्र ते कळवतात. २०२२ मध्ये या विषयातल्या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने आकडेही सुचवले: दिवसा डोळ्यापाशी किमान २५० मेलानोपिक लक्स, झोपेच्या आधीचे तीन तास जास्तीत जास्त १०, झोपेत १. (मेलानोपिक म्हणजे त्या पेशींच्या हिशेबाने मोजलेला प्रकाश.)

यातला 'डोळ्यापाशी' हा शब्द महत्त्वाचा. वहीवर किती पडतो ते वेगळं, बुबुळात किती शिरतो ते वेगळं. तुमच्याकडे दिवसभर खिडक्या बंद, समोर तपकिरी प्लाय, त्यामुळे दिवसा घड्याळाला पुरेसा प्रकाश मिळतच नाही. आणि रात्री दहा वाजता तोच ६५०० केल्विन डोक्यावर. म्हणजे मुलांना ना धड दिवस मिळतो ना धड रात्र. सभामंडपाचं कोडं मला इथेच सुटल्यासारखं वाटतं. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर दहा हजार लक्स असू शकतात, त्यातला थोडा भाग मंडपात आला तरी पुष्कळ.

ज्यांची डोकेदुखी थांबत नाही त्यांचा चष्म्याचा नंबर मात्र तपासून घ्या.

ओसरी:

निशिगंध, अगदी. म्हणून मी सगळ्यात आधी ती काळी फिल्म खरवडायला सांगेन, खर्च जवळपास शून्य. ऊन वहीवर येऊ नये म्हणून खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला पांढरा पातळ पडदा, वरचा अर्धा भाग मोकळा, आणि दोन्हींच्या मध्ये आतल्या बाजूला दीड फुटाची पांढरी आडवी फळी. त्या फळीवर ऊन पडून छतावर जातं आणि हॉलच्या आतपर्यंत पसरतं. टेबलं खिडकीला काटकोनात लावा. खिडकी पाठीशी आली तर वहीवर स्वतःचीच सावली पडते, समोर आली तर डोळे दिपतात.

वास्तुरचनाकार लुई कान यांनी अमेरिकेत एक्सेटरच्या शाळेसाठी ग्रंथालय बांधलं, १९७२ चं. तिथे बाहेरच्या भिंतीला लागून लाकडी अभ्यासाच्या खणांची रांग आहे. वर मोठी खिडकी सगळ्यांसाठी, आणि प्रत्येक खणाला बसलेल्याच्या डोळ्याच्या उंचीवर स्वतःची छोटी खिडकी, तिला सरकतं लाकडी झापड. वाचणाऱ्याने उजेड हवा तर झापड सरकवायचं, नको तर बंद. पन्नास वर्षांत ॲपवाल्यांनी यापेक्षा फार पुढची गोष्ट केलेली नाही, असं माझं मत.

पार्टिशनच्या आतल्या बाजूचा सनमायका झाकायला मळकट पांढरा मॅट लॅमिनेट किंवा साधा ऑइलपेंटचा मॅट हात द्या. आत्ता तो प्रकाश गिळतोय, आणि चकचकीत असल्याने दिव्याची तिरीप परत डोळ्यावर फेकतोय, असा दुहेरी तोटा.

खडूफळा:

सगळ्यांचे मनापासून आभार. पेन्सिलची परीक्षा काल रात्री केली. सोळातल्या नऊ ट्यूब नापास. त्यातल्या तीन नेमक्या ज्या कोपऱ्यातून सगळ्यात जास्त तक्रारी येतात तिथल्या.

आता रात्रीचं काय? १० लक्समध्ये तर कोणी अभ्यास करू शकणार नाही.

निशिगंध:

तो आकडा वहीवरचा नाही, डोळ्यापाशीचा आहे; तरी अभ्यासिकेत रात्री तो पाळला जाणार नाही. जवळ जायचं एवढंच. छतावरचे दिवे दोन सर्किटमध्ये करा. साडेसातनंतर अर्धे बंद, उरलेले ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर. आणि प्रत्येक टेबलावर स्वतःचा दिवा, स्वतःचं बटण, डोळ्याच्या रेषेच्या खाली लावलेला, म्हणजे प्रकाश कागदावर पडेल, डोळ्यात थेट जाणार नाही.

कंदील_कराड:

टेबलाचा दिवा म्हणजे एक अडीच फुटी ॲल्युमिनियम प्रोफाइल, आत ५ वॅटची पट्टी, वर दुधी कव्हर. टेबलाच्या वर पार्टिशनला जी फळी असते तिच्याखाली पुढच्या कडेला लपवायची, तोंड आतल्या बाजूला. तीन बाय दोन फुटांच्या टेबलावर सहज चारशे लक्स येतील. साठ टेबलांचे मिळून ३०० वॅट, म्हणजे त्या बारा पॅनेलच्या ४३२ वॅटपेक्षा कमीच, आणि रिकाम्या टेबलाचा दिवा बंद राहील ते वेगळं. टेबलांवर २३० व्होल्ट फिरवू नका, चहा सांडतोच. २४ व्होल्टचं करा, दर रांगेला वेगळा ड्रायव्हर. एकाच ड्रायव्हरवर सगळी रांगोळी घातली तर शेवटच्या टेबलांवर उजेड उतरतो. ड्रायव्हर घेताना पेन्सिल खिशात ठेवा.

एकच_जागा:

मी यातलाच एक, तीन वर्षं पुण्यात अभ्यासिकांमध्ये काढलेला. टेबलाचं बटण आपल्या हातात असणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण कृपया सगळं ३००० केल्विन करू नका. पिवळ्या दिव्यात मला लॉजवर बसल्यासारखं वाटतं, आणि नकाशातली निळी-हिरवी रेघ वेगळी कळत नाही.

ओसरी:

नकाशाची तक्रार केल्विनपेक्षा सीआरआयची (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) असण्याची शक्यता जास्त. स्वस्त पट्ट्या ७०-८० च्या असतात. ९० च्या वरची मागा, थोडी महाग पडते पण अडीच फुटाला काही रुपयांचाच फरक. आणि केल्विनचा वाद इथे मिटणार नाही. खडूफळा, खिडकीकडच्या दोन रांगा ४००० करा, आतल्या ३०००. रात्री जास्त बसणाऱ्यांना आतल्या रांगांत बसायला सांगा आणि महिनाभराने मुलांनाच विचारा कोण कुठे जागा पकडतंय.

खडूफळा:

चालेल. फॉल्स सीलिंगवाल्याला आज 'नको' म्हणून कळवलं. पहिल्या रांगेचं सामान आणायला शनिवारी कोल्हापूरला जातोय. ओसरी, खिडकीतल्या त्या आडव्या फळीला प्लाय चालेल की पत्रा? पावसाळ्यात आमच्याकडे खिडकीतून पाणी मारतं.

ओसरी:

पत्राच. पावडर कोटिंग पांढरं मॅट करून घ्या, आणि आतल्या कडेला अर्धा इंच उचल ठेवून खिडकीकडे किंचित उतार द्या, म्हणजे पाणी खोलीत न येता बाहेर जाईल.