मदत हवी आहे: व्हीएमसी सेटरच्या जाहिरातीला कामाची माणसं येत नाहीत

वर्कशॉपवाला: भोसरी एमआयडीसीत आमचं जॉबवर्कचं छोटं युनिट आहे, काम व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) चालतं. जाहिरात टाकली की अर्जांचा ढीग येतो, पण टूल ऑफसेट घेता येणारा (टूलची लांबी मोजून मशीनला देणारा) एकही नाही. मजकूर असा: "नामांकित कंपनीत व्हीएमसी ऑपरेटर/सेटर/प्रोग्रामर पाहिजेत. फक्त मुले. अनुभवी व फ्रेशर. आकर्षक पगार." काय बदलू? लवकर सांगा, ऑर्डर अडकली आहे.

टूलरूम_किरण: मशीनचा कंट्रोलर (तिला चालवणारा संगणक) कुठला, फॅनक की सीमेन्स? पाळ्या किती? पगार?

वर्कशॉपवाला: फॅनक. पगार अनुभव बघून ठरवू.

चाकणचा सेटर: पगार नसलेली जाहिरात आम्ही उघडतही नाही. मुलाखतीला यायचं म्हणजे एक खाडा पडतो. हातात किती पडणार, ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळणार का, पीएफ आहे का, हे लिहा. आणि तुम्ही तीन माणसं एका ओळीत मागितलीत. ऑपरेटर जॉब लावतो, काढतो. सेटर जॉब धरणारं फिक्स्चर बांधतो, झिरो (मापाचा आरंभबिंदू) घेतो, पहिला पीस पास करून देतो. प्रोग्रामर वेगळाच. सगळं एकत्र लिहिलं की सेटरला वाटतं, तिघांचं काम एका पगारात करून घेणार.

एचआर_मावशी: पगार उघड लिहू नका. जुने कामगार दुसऱ्या दिवशी भांडायला येतात.

चाकणचा सेटर: मावशी, मग जुन्यांचा पगार वाढवा की!

निवृत्त निदेशक: सेटर शोधू नका, घडवा. आयटीआयचा मशिनिस्ट घ्या, १९६१ च्या शिकाऊ कायद्याखाली नोंदवा. विद्यावेतनाचा काही भाग सरकार देतं.

टूलरूम_किरण: सर, त्यांची ऑर्डर आत्ता अडकली आहे.

मनीषा_क्वालिटी: "फक्त मुले" कशासाठी? भरतीतला हा भेद १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच बंद केला. मी दहा वर्षं शॉपफ्लोअरवर आहे, मला असं वाचलं की राग येतो.

सुहास६४: मुलाचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. त्याने मास्टरकॅम (प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर) शिकावं का?

वर्कशॉपवाला: सुहासजी, वेगळा धागा काढा. मनीषाताई, ती ओळ काढली. नवीन मजकूर: "भोसरी एमआयडीसी. व्हीएमसी सेटर, १ जागा. फॅनक कंट्रोलर. ड्रॉइंग वाचून स्वतः सेटिंग करता यावं. दोन पाळ्या, आठवड्याने बदल. हातात २४ ते २८ हजार, पीएफ वेगळा, ओव्हरटाइम दुप्पट." चालेल?

टूलरूम_किरण: मटेरियल आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) टाका. ॲल्युमिनियमवाला आणि डाय स्टीलवाला सेटर एक नसतो.

चाकणचा सेटर: आता मीही फोन केला असता. मुलाखत गुरुवारी ठेवा. आपल्या पट्ट्यात बहुतेकांची सुट्टी तेव्हाच असते, नोकरीवर असलेला माणूस तेव्हाच येऊ शकतो.

एचआर_मावशी: गुरुवारी तुमचं ऑफिस कोण उघडणार?

वर्कशॉपवाला: मी उघडतो. ईएन ८ स्टील आणि २० मायक्रॉन टॉलरन्स लिहून आजच टाकतो.