मिलवॉकीचे समाजवादी महापौर : थोडी भर
अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहराने तीन समाजवादी महापौर निवडले ते केवळ तेथील जर्मन मतदारांमुळे, असे म्हटले जाते. हे कारण खरे असले तरी अपुरे वाटते. त्यांतले पहिले, एमिल सायडेल, १९१० मध्ये निवडून आले, त्यामागे आधीच्या नगरप्रशासनातील लाचखोरीला विटलेल्या लोकांचा रागही होता. पेशाने लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या या गृहस्थांना १९१२ मध्ये हरवण्यासाठी डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन यांना एकत्र यावे लागले, हे पुरेसे बोलके आहे.

खरा कस लागला तो दुसरे समाजवादी महापौर डॅनियल होन यांच्या काळात. आधी शहराचे वकील असलेले होन १९१६ ते १९४० अशी सलग चोवीस वर्षे महापौर होते. सांडपाणी, पाणीपुरवठा आणि सार्वजनिक आरोग्य ही त्यांची आवडती क्षेत्रे. त्यामुळे न्यूयॉर्कचे त्यांच्याच पक्षाचे नेते मॉरिस हिलक्विट यांनी मिलवॉकीकरांना ‘गटार-समाजवादी’ म्हणून हिणवले आणि इकडच्या मंडळींनी ती शिवी बिरुदासारखी मिरवली.

१९४० मध्ये होन यांना हरवणारे कार्ल झायडलर समाजवादी नव्हते. ते १९४२ मध्ये पद सोडून नौदलात गेले आणि त्याच वर्षी जहाजासह समुद्रात बेपत्ता झाले. तिसरे समाजवादी महापौर फ्रँक झायडलर (१९४८ ते १९६०) हे त्यांचेच धाकटे भाऊ. एकाच घरात दोन महापौर, तेही परस्परविरोधी मतांचे! फ्रँक यांनी आसपासचा प्रदेश जोडून शहराचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट केले.