अनुभव धागा : कोब्रा मार्क थ्री, १०० क्रेडिट्स आणि पुढे तुमचं तुम्ही

'एलीट' हा अंतराळातला जुना कॉम्प्युटर गेम खेळलेले बरेच जण आहेत, पण हा विषय दरवेळी भलत्याच गप्पांत निघतो आणि तिथेच विरतो. म्हणून वेगळा धागा काढला.

न खेळलेल्यांसाठी थोडक्यात: डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेला, १९८४ मध्ये बीबीसी मायक्रो या घरगुती कॉम्प्युटरवर आलेला खेळ. लेव्ह या ग्रहाच्या अंतराळ स्टेशनवर तुमचं यान, कोब्रा मार्क थ्री, उभं. गाठीला १०० क्रेडिट्स, तीन मिसाइल्स आणि एक फुसका पल्स लेझर. जिंकायचं म्हणजे काय करायचं, हे कुणीच सांगत नाही. माल विका, चाच्यांना मारा, नाहीतर स्वतः चाचे व्हा.

तुम्ही काय झालात ते लिहा. डॉकिंगचं, म्हणजे यान स्टेशनात शिरवण्याचं, रडगाणंही चालेल!

*

डॉकिंगवरूनच सुरुवात करते. स्टेशन स्वतःभोवती गरगरत असतं आणि आत शिरायला एक अरुंद फट. स्टेशन दिसलं की नवशिके सरळ त्यावर चाल करून जातात आणि भिंतीवर आपटतात. ती फट कायम ग्रहाच्या बाजूला असते, हे एकदा कळलं की अर्धं काम झालं. आधी ग्रह आणि स्टेशन यांच्या मधे यायचं, मग वळून फट बरोबर मध्यावर धरायची, वेग अगदी कमी. गिरकी जुळवायची ती शेवटी. लांबूनच गोल गोल फिरत येण्यात काही अर्थ नाही.

पुढे डॉकिंग कॉम्प्युटर परवडत होता, तरी घेतला नाही. सगळ्यात मजेचं काम यंत्राला कशाला द्यायचं?

*

ताई, तुम्ही बीबीसीवाल्या दिसता. कमोडोर ६४ या दुसऱ्या कॉम्प्युटरवर खेळला असतात तर डॉकिंग कॉम्प्युटर घेतला असता. तिथे डॉकिंग कॉम्प्युटर चालू केला की स्ट्राउसचं 'ब्लू डॅन्यूब' वाजायचं आणि यान आपलं आपण डुलत आत जायचं. मी केवळ त्या संगीतासाठी पैसे मोजलेत.

*

मी पक्का व्यापारी. लढाई अंगावर आली तरच.

शेतीप्रधान ग्रहावर अन्न स्वस्त, औद्योगिक ग्रहावर कॉम्प्युटर स्वस्त. इकडचं तिकडे करत राहायचं, एवढाच धंदा. सुरुवातीला यानात २० टन माल मावतो, पैसे खर्चून तो ३५ टन करता येतो. पण भाव बघण्याआधी मी त्या ग्रहाची राज्यव्यवस्था बघायचो. रीडक्वाटसारख्या अराजकी ग्रहावर भाव कितीही चांगला दिसो, स्टेशनपर्यंत पोचायच्या आत चाच्यांची टोळी गाठणार. कॉर्पोरेट राज्यात नफा थोडा कमी असेल, पण माल पोचतो.

तस्करीही केली, नाही कशाला म्हणू? अमली पदार्थ, शस्त्रं आणि गुलाम हा बेकायदा माल. गंमत म्हणजे नुसता विकत घेणं गुन्हा नाही. तो घेऊन स्टेशनबाहेर पडलात की तुमच्या नावावर गुन्हा लागतो. मग पोलिसांची व्हायपर यानं मागे लागतात. गुलामांचा व्यापार मात्र खेळातही करवला नाही.

*

व्यापार हा लेझर घेण्यापुरता! मिलिटरी लेझर बसला की खरा खेळ सुरू. यानाला डावी-उजवीकडे सरळ वळता येत नाही. आधी कूस बदलायची, मग नाक वर किंवा खाली. शत्रू कुठे आहे ते खालच्या लंबगोल स्कॅनरवर बघायचं: प्रत्येक ठिपक्याला उभी काडी, काडी वर असेल तर तो तुमच्या वर. एकदा त्या काड्यांवर नजर बसली की समोरच्या काचेकडे बघायची फारशी गरजच उरत नाही.

'एलीट' हा किताब ६,४०० शिकारी केल्यावर, म्हणजे तेवढी यानं पाडल्यावर मिळतो. त्याच्या आधीचा 'डेडली' २,५६० ला. मधलं ते वाळवंट ज्यांनी पार केलं त्यांना दंडवत. दर २५६ शिकारींना 'राइट ऑन कमांडर' एवढी शाबासकी, बस्स.

*

प्रोग्रामर म्हणून लिहितो. बीबीसी मायक्रोची मेमरी ३२ केबी, त्यातला मोठा वाटा पडद्यालाच जायचा. तरीही आठ दीर्घिका, प्रत्येकीत २५६ ग्रह! हे ग्रह कुठे साठवलेलेच नाहीत. तीन संख्यांच्या एका बीजावर ठरावीक बेरजा करत गेलं की प्रत्येक ग्रहाचं नाव, जागा, सरकार, अर्थव्यवस्था सगळं निघतं, आणि दरवेळी तेच निघतं. दीर्घिका अब्जावधी करता आल्या असत्या. प्रकाशकांनी आठवर थांबायला लावलं. बरं झालं. एवढ्यांत कुणाला कुठलाच ग्रह आपला वाटला नसता.

*

मी अगदी नवा आहे, 'एलीट'वरून बनवलेला, मोफत मिळणारा 'ऊलाइट' खेळतो. थारगॉइड या परग्रहवासी शत्रूंनी मधेच अडवलं की काय करायचं ते पळून जाऊन शिकलो. पण सूर्यावरून इंधन भरताना दरवेळी जळतो. फ्युएल स्कूप (इंधन ओढून घेणारं यंत्र) बसवलेला आहे. काय चुकतंय?

*

सूर्याच्या दिशेने नाक धरून जात असणार. त्याच्या कडेला धरून, बाजूने जा. वेग कमी करू नका. मूळ खेळात तरी जितका वेग जास्त तितकं इंधन लवकर भरतं. नजर केबिनच्या तापमानावर ठेवा, पट्टी भरत आली की टाकी अर्धी असली तरी वळा. आणि तिथे जाताना मागे कुणी लागलेलं नाही ना, ते आधी बघा.